प्रश्न आमचे, प्रबंध त्यांचा

यंदा आमच्या बोरी अरबमध्ये फराळाबरोबर एक बातमीही घरोघर पोचली. गावचा एक मुलगा हवामान-न्यायाचा अभ्यास करायला विलायतेला निघाला आहे! चार एकर कोरडवाहूच्या घरातला पोर. माझ्याच हाताखाली चौथी झालेला. त्याचा पेढा तोंडात घातला तेव्हा माझेही डोळे ओले झाले, हे कबूल करतो. पण पेढा गिळल्यावर मनात जे आले ते कडू होते. सणाला कडू बोलू नये म्हणतात खरे. परंतु कोकणात नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावतातच ना? हे वऱ्हाडातले कारीट समजा.

हवामान-न्याय म्हणजे काय? ज्यांच्या चुलाण्यांनी जगाची हवा तापवली त्यांनी भरपाई करावी. ज्याच्या घरी धड चूलही पेटत नाही त्याच्या माथी ती मारू नये. हे समजायला आम्हांला पुस्तक नको. आमच्या दारव्हा तालुक्यातून शकुंतला रेल्वे धावत असे. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांत जावा म्हणून इंग्रज कंपनीने घातलेली ती वाट. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होते. कापूस आमचा, नफा त्यांचा आणि गिरण्यांचा धूर तेवढा साऱ्या जगाचा! आज मृग कोरडा जातो, दुबार पेरणी होते, आणि ऐन वेचणीत पाऊस येऊन फुटलेली बोंडे काळी पडतात.

शकुंतला थांबली, पण तिचा रिवाज थांबला नाही. आता कापसाऐवजी आमची उत्तरे परदेशी जातात.

काही वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यापीठाच्या संशोधक बाई गावात आल्या. दोन दिवस राहिल्या. माझ्या शेजाऱ्याला पीक किती बुडाले, कर्ज किती, जीव द्यावासा वाटला काय, असे सारे विचारून गेल्या. बाई सालस होत्या. शेजाऱ्याने चहा पाजला, मनातले सांगितले. पुढे त्यांचा लेख प्रसिद्ध झाल्याचे कळले. तो इंग्रजीत, आणि वाचायचा तर डॉलर मोजा! शेजारी मला म्हणाला, “गुरुजी, तिनं इचारलं तेवढं म्या सांगतलं. आता तिनं काय लिवलं ते मले कोन सांगन?”

ज्याच्या दुःखावर प्रबंध उभा, त्यालाच तो वाचायला दाम पडावा, याला न्यायाचा अभ्यास म्हणायचे? मग सावकारी कशाला म्हणायचे?

कोणी विद्वान म्हणतील, ज्ञानाला देश नसतो. नसेल, पण ज्ञानाला परतीची वाट असावी लागते. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला गेले, वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. त्या प्रबंधाने वऱ्हाडातल्या कुणब्याचे पोट भरले नसते. परंतु माणूस परत आला. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि नांगरामागची पोरे शाळेत बसली. पदवी त्यांची, पण फळ मुलखाचे!

दुसरे शहाणे म्हणतात, पोरांनी शिकावे, चळवळीत पडू नये. त्यांना मी वानुआतूची गोष्ट सांगतो. पॅसिफिक महासागरातले हे चिमुकले बेटांचे राष्ट्र. तेथे दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली ठरवले, की समुद्र आपली बेटे गिळतो आहे, तर दाद जागतिक न्यायालयात मागायची. लोक हसले असतील! वानुआतूच्या सरकारने त्यांचे म्हणणे उचलले, २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या त्या न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. मत सल्ल्याचे आहे, हुकूम नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ती मुले वर्गात मूग गिळून बसती, तर तेवढेही मिळाले नसते. त्यांनी दुसऱ्याच्या गावचे दुःख मोजले नाही. आपल्याच गावाचा खटला चालवला.

म्हणून माझे मागणे साधे आहे. जे विद्यापीठ आमच्या गावात वही घेऊन येईल, त्याने जाताना कबुली द्यावी, की लिहिलेले मराठीत करून ग्रामसभेत वाचून दाखवू, आणि गावाने ‘हे चूक आहे’ म्हटले तर तेही छापू. जो हे मान्य करणार नाही त्याला चहा पाजावा, उत्तरे देऊ नयेत.

आणि आमच्या मुलाला? त्याच्यावर मी अट घालणार नाही. शिष्यवृत्ती मिळाली तरी घरावरचे कर्ज काही फिटलेले नाही, आणि तो तिकडेच राहिला तरी मी त्याला नावे ठेवणार नाही. पाया पडायला आला तेव्हा एवढेच म्हणालो, “बाळा, प्रबंधात बोरी अरबचे नाव आले, तर त्याची एक प्रत मराठीत कर. अडाण नदीच्या काठी बसून तुझ्या बापाला मी ती वाचून दाखवीन. चुका तो काढील.”

पोरगा हसला, बाप मात्र हसला नाही. तो म्हणाला, “काढीन ना, गुरुजी.”