भाषण म्हणजे ओरडणं नव्हे

जून उजाडला की आपल्याकडे शाळांमधून भाषणांचे दिवस सुरू होतात. २६ जूनला शाहू जयंती, १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती, मग १५ ऑगस्ट. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ ही सुरुवात अजून तशीच आहे. ती ज्या टिपेच्या आवाजात होते, तो आवाजही तसाच आहे. पहिल्या शब्दालाच मूठ वर, मानेच्या शिरा ताठ, चेहरा लालबुंद. सात मिनिटं मूल त्याच पट्टीत राहतं आणि ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ झाल्यावरच खाली उतरतं. टाळ्या पडतात, परीक्षक ‘काय आवेश आहे!’ म्हणतात आणि दोन दिवसांनी घसा बसलेल्या त्या मुलाला घेऊन आई आमच्याकडे कान-नाक-घसा विभागात येते.

घसा बसतो हे वाईटच. पण माझी तक्रार त्याच्याही आधीची आहे. आवेश म्हणून आपण ज्याला गुण देतो, त्यात भाव मुळी नसतोच. मूल शाहू महाराजांच्या वसतिगृहांबद्दल बोलत असो की टिळकांच्या मंडालेच्या तुरुंगवासाबद्दल, सूर एकच. डोळे मिटून ऐकलं तर कौतुक कुठलं आणि दुःख कुठलं हे कळत नाही.

याचं कारण शरीरात आहे. घशात कंठमण्याच्या मागे स्वरतंतूंची जोडी असते. पुरुषांमध्ये त्यांची लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर, स्त्रियांमध्ये त्याहून कमी आणि मुलांमध्ये आणखी कमी. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेनं हे तंतू एकमेकांवर आपटतात आणि सुटतात. साध्या बोलण्यात पुरुषांमध्ये हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडतं, स्त्रियांमध्ये सुमारे २०० वेळा आणि लहान मुलांत ३०० च्या आसपास. मधले विराम वगळले तरी सात मिनिटांच्या भाषणात मुलाच्या स्वरतंतूंची निदान साठ हजार वेळा टक्कर होते. ओरडलं की तीच टक्कर जास्त जोरात आणि जास्त वेळा होते.

बोलताना आपण भाव दाखवतो तो आवाजाचा उंच-सखलपणा, लहान-मोठेपणा, वेग आणि थांबणं यांतून. घरी हे सगळ्यांना येतं. रात्री उशिरा आलेल्या मुलाला आई ‘आलास?’ एवढंच विचारते. त्यात राग आहे, काळजी आहे की सुटकेचा निःश्वास, हे मुलाला चपला काढायच्या आत समजतं. पण आवाज मोठा करायचा तर फुप्फुसांतल्या हवेचा दाब वाढवावा लागतो आणि दाब वाढला की सूर आपोआप वर जातो. म्हणजे ओरडणारा माणूस आपल्या आवाक्याच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. तिथून आणखी वर जायला जागा नसते आणि खाली यायला तो तयार नसतो. ऐकणाऱ्याचे कानही मिनिटाभरात त्या आवाजाला सरावतात. मग शेवटच्या वाक्यासाठी वक्त्याच्या हातात काहीच उरत नाही.

आवाजातले चढउतार ही नुसती सजावट नाही, हे आम्हा डॉक्टरांना रोज दिसतं. स्वरतंतू ताणून सूर वर नेणारा एक छोटा स्नायू असतो. त्याची नस थायरॉइड ग्रंथीच्या अगदी जवळून जाते. शस्त्रक्रियेत तिला इजा झाली तर रुग्ण बोलू शकतो, पण सूर वर नेता येत नाही आणि आवाज लवकर थकतो. कंपवाताच्या रुग्णांचा आवाज हळूहळू बारीक आणि सपाट होत जातो. घरच्यांना वाटतं, आजोबांना आता कशातच रस राहिला नाही. आजोबांना रस असतो, आवाज तो पोहोचवत नाही. सपाट बोलण्यातून ऐकणारा माणसाच्या मनाबद्दल निष्कर्ष काढतो, आणि वक्त्याच्या बाबतीतही तेच होतं.

आवाज वापरायचा कसा याचे धडे कोल्हापूरला बाहेरून आणायची गरज नाही. पोवाडा आठवा. पिराजीराव सरनाईकांसारख्या शाहिरांची परंपरा असलेलं हे गाव. शाहीर कडव्याच्या शेवटी आवाज चढवतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलून धरतात. तेवढ्यात शाहिराला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पुढची ओळ तो बहुतेक वेळा गद्यात, खालच्या आवाजात, गोष्ट सांगितल्यासारखी सुरू करतो. शास्त्राच्या दृष्टीनं ही रचना इतकी चोख आहे, की ती घसातज्ज्ञाला विचारून बसवली असावी असं वाटावं! खासबागेतल्या कुस्तीचं निवेदन ऐका. पैलवान एकमेकांना अजमावत असतात तेव्हा निवेदक संथपणे वस्ताद कोण, तालीम कुठली, हे सांगत असतो. ढाक किंवा घिस्सा लागला की शब्दांचा वेग दुप्पट होतो. संथ बोलणं आधी झालेलं असतं म्हणून त्या वेगानं अंगावर काटा येतो.

खासबागेला लागून असलेलं नाट्यगृह १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं आणि पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं, तेव्हा सगळं शहर हळहळलं. केशवरावांच्या काळात माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं तर ‘आवाजाची फेक’ लागायची. ही फेक म्हणजे किंचाळणं नव्हे. तोंड आणि घसा यांच्या पोकळीचा आकार असा ठेवायचा की आवाजातली ठरावीक कंपनं ठळक होतील. पाश्चात्त्य ऑपेरा गायकांच्या आवाजात ही ठळक कंपनं सेकंदाला ३,००० च्या आसपास आढळतात आणि आपला कान नेमका त्याच पट्ट्यात तल्लख असतो. त्यामुळे दाब फारसा न वाढवता आवाज दूर जातो. याला तालीम लागते, वर्षानुवर्षांची. आठ दिवसांत पाठ केलेल्या भाषणात ती येत नाही.

शाहू महाराजांच्या दरबारातले गवई अल्लादियाखाँ यांचं उदाहरण तर माझ्या विषयाचंच आहे. तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज गेला आणि पूर्वीचा आवाज पुन्हा कधी आला नाही, असं संगीताचे जाणकार सांगतात. जो आवाज उरला त्यातून त्यांनी लयीच्या आणि पेचदार तानांच्या बळावर वेगळीच गायकी घडवली आणि तिचं घराणं झालं. अर्थात आवाज घालवला की प्रतिभा येते, असा अर्थ कुणी काढू नये.

आज माइक आहे, तरी आपण पूर्वीपेक्षा जास्त ओरडतो. याचं एक कारण लोंबार्ड या फ्रेंच कानतज्ज्ञानं १९११ मध्ये नोंदवलं: भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. निवडणुकीच्या सभेत समोर घोषणा, मागे जनरेटर, कानावर आपलाच घुमणारा आवाज, अशात नेत्याचा घसा तिसऱ्या दिवशी बसणारच. दुसरं कारण भीती. मंचावर गेल्यावर तोंड कोरडं पडतं, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो, मानेचे स्नायू आवळतात आणि स्वरयंत्र वर खेचलं जातं. आवाज पातळ व चिरका होतो, आणि तो झाकायला माणूस ओरडतो. यावर उपाय फुकटचा आहे. बोलण्याआधी खांदे सैल सोडायचे, श्वास सावकाश पूर्ण बाहेर टाकायचा, मग आत येईल तेवढा येऊ द्यायचा. पहिलं वाक्य मुद्दाम हळू. नंतरच्या तीन सेकंदांच्या शांततेला वक्ता घाबरतो, श्रोता नाही.

खडीसाखर, ज्येष्ठमध, कच्चं अंडं यांचा महिमा सगळ्यांनी ऐकलेला असतो. गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरतंतूंना शिवत नाही. शिवली तर ठसका लागतो. लाळ सुटते, घशाला बरं वाटतं, इतकंच. पाणी उपयोगी पडतं, पण ते दिवसभर प्यायलेलं. मंचावरच्या दोन घोटांनी फक्त तोंड ओलं होतं. सारखं खाकरणं म्हणजे तंतू एकमेकांवर आपटणं, तेही टाळावं. रात्री अकराला तांबडा-पांढरा ओरपून लगेच आडवं होणाऱ्यांच्या पोटातलं आम्ल स्वरयंत्रापर्यंत येऊ शकतं. रस्सा सोडा असं कोल्हापुरात म्हणायची माझी हिंमत नाही. दोन-तीन तास आधी जेवा, एवढं म्हणतो.

वारंवार ओरडण्यामुळे मुलांच्या दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी येतात, हाताला घट्टे पडतात तशा. यात सगळा दोष भाषणांचा नाही. गल्लीतलं क्रिकेट आणि पेठेतला फुटबॉल यांचाही वाटा असतो. या गाठी कर्करोगाच्या नसतात, मुलांमध्ये शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते आणि बोलण्याच्या सवयी बदलल्या की बहुतेक मुलं सुधारतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मात्र जपायला हवं. त्या वयात आवाज फुटतो, स्वरतंतू झपाट्यानं वाढतात, सूर जवळजवळ एका सप्तकानं खाली येतो. नेमक्या त्याच इयत्तांमधून आपण आंतरशालेय स्पर्धेचे मल्ल निवडतो. मोठ्यांसाठी वेगळी सूचना: घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर दुर्बिणीनं घसा तपासून घ्या, तंबाखू, मावा, विडी-सिगारेट यांची सवय असेल तर टाळाटाळ नकोच.

स्पर्धेत नाव द्यायचं का, असं पालक विचारतात. घसा बसलेला असताना नको. बरा झाल्यावर जरूर द्या, पण भाषण आरशासमोर नको, आजीसमोर बसून म्हणायला लावा, तिला गोष्ट सांगितल्यासारखं. तिला नीट ऐकू येत नसेल तर मुलानं पुढे सरकावं, आवाज वाढवू नये.