एक पायरी निखळली तर

पोळीचा कोरडा घास तोंडात घोळवून सावकाश चावत राहिले, तर थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. घास बत्तीस वेळा चावावा, असे आमची आजी सांगे. पुढे शिक्षक झाल्यावर आम्ही वर्गातील मुलांकडून हाच प्रयोग करवून घेऊ लागलो. पोळीत साखर घातलेली नसते. लाळेतील एक द्रव्य पिठातील स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर बनविते. अशा द्रव्याला शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘विकर’ असे सुटसुटीत नाव दिले आहे.

विकर रासायनिक क्रिया घडवून आणते, स्वतः मात्र त्या क्रियेत खर्ची पडत नाही. रक्तातील कार्बन डायऑक्साइड पाण्याशी जोडणाऱ्या विकराचा एकच रेणू सेकंदाला लाखो रेणू हातावेगळे करतो. परंतु नुसता वेग म्हणजे व्यवस्था नव्हे. पेशीत एका पदार्थाचा दुसरा पदार्थ बहुधा एका उडीत होत नाही. तो पायरीपायरीने होतो आणि प्रत्येक पायरीवर निराळे विकर उभे असते. मग या साखळीला आवर कोण घालतो?

1956 साली अमेरिकेतील एडविन अम्बार्गर यांनी या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर दाखवून दिले. काही जंतू आयसोल्युसिन नावाचे अॅमिनो आम्ल पाच टप्प्यांत तयार करतात. ते पुरेसे साठले, की तो तयार पदार्थच पहिल्या टप्प्याच्या विकराला जाऊन बिलगतो आणि त्याचे काम थांबवितो. पहिलाच टप्पा थांबला, की पुढच्यांपाशी काम उरत नाही. साठा सरला, की साखळी पुन्हा चालू. पिठाचा डबा भरलेला असताना सुज्ञ गृहिणी गिरणीत नवे दळण पाठवीत नाही, तसेच हे.

पण वाचकहो, या जिन्याची एकच पायरी निखळली तर काय होते, ते एका मातेच्या चिकाटीमुळे जगाला कळले. 1934 साली नॉर्वेतील ओस्लो येथे एक बाई आपली दोन मुले घेऊन डॉ. आस्ब्यर्न फलिंग यांच्याकडे आली. जन्मतः ठीक वाटलेली ती मुले पुढे बुद्धीने मागे पडत गेली होती. त्यांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येई; त्याचे कारण तिला हवे होते, आणि ते कोणीही सांगितले नव्हते. फलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तो ती हिरवी झाली. महिनोन्‌महिने खपून त्यांनी तो रंग आणणारे आम्ल शोधून काढले.

कारण असे, की दूध, डाळी इत्यादींच्या प्रथिनांतून येणाऱ्या फेनिलअॅलनिनचे टायरोसिन करणारे यकृतातील विकर या मुलांत निकामी होते. वाट अडली, की माल तुंबतो. तुंबलेले फेनिलअॅलनिन कोवळ्या मेंदूला बाधते, आणि पलीकडे टायरोसिन कमी पडल्याने केस व कातडीचा रंगही फिका राहतो. या व्याधीला फेनिलकिटोन्यूरिया म्हणतात.

पुढे बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका मुलीला फेनिलअॅलनिन अत्यल्प असलेला आहार दिला. तिच्यात सुधारणा दिसली. परंतु आधी झालेली हानी भरून आली नाही. 1953 साली हे प्रसिद्ध झाले आणि एक गोष्ट स्पष्ट झाली: उपचार जन्मानंतर लगेच हवा. मग अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी, ज्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन करावयाची चाचणी सिद्ध केली. वेळीच निदान होऊन आहार आयुष्यभर सांभाळला, तर असे मूल इतरांसारखे शिकते.

हे सर्व वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. आमच्या लेखणीने किती प्रगतिपुस्तकांवर ‘बुद्धी मंद, घरी लक्ष द्यावे’ असा शेरा ओढला असेल! त्यांतील कोणाला ही व्याधी होती, असे आम्ही म्हणत नाही, ती विरळाच. पण शेरा लिहिताना त्यामागे शरीराचे कारण असू शकेल, हा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. आणि दोष बहुधा आईच्या पदरी घातला गेला.

ही व्याधी दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच होते. पालक स्वतः धडधाकट असतात. मात्र दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला ती होण्याची शक्यता चारात एक. नात्यात लग्न झाले, तर दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आपल्या अनेक घराण्यांत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आपल्या देशात सर्वच रुग्णालयांत ही चाचणी आपोआप होत नाही. तेव्हा घरी पाळणा हलणार असेल, तर बारशाच्या तयारीआधी डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे: बाळाच्या टाचेच्या रक्ताची तपासणी होणार आहे ना? जन्मानंतर एक दिवस उलटल्यावर, दोन-तीन दिवसांच्या आत ती करून घेणे उत्तम. थेंबभर रक्ताने जे साधते, ते पुढे कोणत्याही शिक्षकाला साधणार नाही.