पोलीस, अग्निशमन जवान आणि त्यांच्या पेन्शनचे विश्वस्त

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी महाराष्ट्रभरातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी १४ तारखेपासून संपावर गेले आणि २० तारखेला तो संप मागे घेतला गेला. तोवर सरकारने जुन्या व नव्या योजनेचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी समिती नेमली होती. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव हे तिचे सदस्य. तिघेही निवृत्त सनदी अधिकारी, तिघेही जुनी पेन्शन लागू असतानाच सेवेत आलेले. त्यांच्या अनुभवाविषयी किंवा सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला आणि म्हणून नव्या योजनेत असलेला, ज्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दरमहा दहा टक्के कापले जातात असा एकही माणूस त्या समितीत सदस्य नव्हता. पुढे २०२४ मध्ये राज्याने अखेरच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारी सुधारित योजना जाहीर केली. पेन्शन किती, हा वाद त्यामुळे काहीसा शमला. पेन्शनचे निर्णय घेणाऱ्यांमध्ये कोण बसणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही.

हा प्रश्न सर्वच कर्मचाऱ्यांचा आहे. तरी पोलिसांच्या बाबतीत तो अधिक गंभीर होतो. संपाच्या त्या दिवसांत शिक्षक, लिपिक, परिचारिका रस्त्यावर होत्या आणि पोलीस बंदोबस्तावर होते. पेन्शनची कपात दोघांच्याही पगारातून होत होती. पण राज्यघटनेच्या ३३व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९६६ च्या केंद्रीय कायद्यानुसार पोलिसाला परवानगीशिवाय कामगार संघटनेचे सदस्य होता येत नाही. महाराष्ट्रात ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आंदोलन केले, तेव्हा सरकारने पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेतली. शस्त्रधारी दलाने संप करू नये, हे तत्त्व योग्यच आहे. पण ज्याच्याकडून मोर्चा, संप आणि संघटना हे तिन्ही मार्ग आपण काढून घेतले, त्याला आपले म्हणणे मांडण्यासाठी कायद्याने दुसरी जागा द्यायला नको का? बंदी घालणाऱ्या राज्यावर ही जबाबदारी आपोआप येते.

अग्निशमन जवानांची गोष्ट वेगळी आहे. ते राज्याचे नव्हे, महापालिकेचे नोकर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटले तेव्हा ज्वाळांसमोर हेच जवान उभे होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यातून माणसे बाहेर काढणाऱ्यांतही ते होते. त्यांना संघटना करता येते, पण त्यांच्या पेन्शनचा भार महापालिकेच्या तिजोरीवर आहे, आणि त्याच तिजोरीतून रस्ते, पाणी, कचरा, दिवाबत्ती चालते. तिजोरीत खडखडाट झाला की ज्या देण्याची ओरड रस्त्यावर ऐकू येत नाही, ते देणे मागे पडण्याचा धोका असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. म्हणजे निवृत्त जवानाला ज्या नगरसेवकाकडे दाद मागता आली असती, तोही त्या काळात नव्हता.

सध्याची व्यवस्था पाहू. खासगी क्षेत्रातल्या कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर केंद्रीय विश्वस्त मंडळ आहे. त्यात केंद्राचे पाच, राज्यांचे पंधरा, मालकांचे दहा आणि कामगारांचे दहा प्रतिनिधी बसतात. हे कामगार प्रतिनिधी निवडून येत नाहीत, संघटनांशी चर्चा करून केंद्र सरकार त्यांना नेमते. पण निदान त्यांची खुर्ची कायद्यात आहे. सरकारी नोकराच्या नव्या पेन्शनचे नियमन ज्या प्राधिकरणाकडे आहे, त्याच्या २०१३ च्या कायद्यात अर्थ, वित्त, कायदा या विषयांच्या जाणकारांची तरतूद आहे. वर्गणीदारांना स्थान आहे ते जास्तीत जास्त पंचवीस जणांच्या सल्लागार समितीत, जिचे काम नावाप्रमाणे सल्ला देण्याचे. केंद्राच्या एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेत सामायिक निधीच्या गुंतवणुकीचा निर्णय सर्वस्वी केंद्र सरकारचा राहील, असे अधिसूचनेतच म्हटले आहे. कापडाच्या गिरणीतल्या कामगाराला जे मिळाले, ते हवालदाराला मिळालेले नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ज्याला पेन्शन मिळणार तोच मंडळावर बसला, तर तो आपल्याच ताटात वाढून घेईल. ब्रिटनने या आक्षेपाचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले आहे. तिथल्या २०१३ च्या सार्वजनिक सेवा पेन्शन कायद्याने पोलीस आणि अग्निशमन दलांच्या योजनांसाठीही पेन्शन मंडळे बंधनकारक केली. त्यांत मालकपक्ष आणि वर्गणीदार यांचे प्रतिनिधी समसंख्येने असतात. हितसंबंध आड येणारा माणूस तिथे चालत नाही. मात्र केवळ योजनेचा सदस्य असणे हा हितसंबंधाचा दोष मानला जाणार नाही, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. हा भेद महत्त्वाचा आहे. पेन्शनचा दर सरकार आणि विधिमंडळ ठरवते. मंडळ तो वाढवू शकत नाही. कपात वेळेवर जमा झाली का, हिशेब जुळतो का, दावा का अडला, एवढेच मंडळाने पाहायचे असते. आणि ते नेमकेपणाने पाहण्याची सर्वाधिक गरज त्यालाच असते, ज्याचे म्हातारपण त्यावर अवलंबून आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोखे, व्याजदर, विमागणित यांतले शिपायाला काय कळणार? तज्ज्ञतेची गरज मी नाकारत नाही. पण तज्ज्ञ आणि अधिकारी पुरेसे असतात, हे अनुभवाला धरून नाही. उत्तर प्रदेशात वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतले चार हजार कोटींहून अधिक रुपये डीएचएफएल या एकाच खासगी कंपनीत गुंतवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्यातले दोन हजार कोटींहून अधिक अडकले आणि वित्त विभागातल्या वरिष्ठांना अटक झाली. ते सगळे हिशेब जाणणारेच होते. त्याच वेळी हेही मान्य करायला हवे की नुसती कामगारांची खुर्ची हाही रामबाण उपाय नाही. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी बुडीत निघाली तेव्हा कंपन्यांच्या अनेक भविष्य निर्वाह निधी न्यासांचे पैसे तिच्यात अडकले, आणि अशा न्यासांवर कामगारांचे प्रतिनिधी असतात. म्हणून प्रतिनिधीला प्रशिक्षण हवे, स्वतंत्र सनदी लेखापाल हवा आणि इतिवृत्त प्रत्येक सदस्याला वाचायला मिळायला हवे.

गुंतवणूक आणि देखरेख यांची गल्लत टाळण्याचा एक मार्ग अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने दाखवला आहे. तिथे शहराशहरांत पोलीस आणि अग्निशमन दलांची वेगवेगळी पेन्शन मंडळे आहेत. पाचांपैकी दोन सदस्य महापौर नेमतो, दोन सेवेतले कर्मचारी निवडून देतात आणि एक निवृत्तांमधून येतो. असे सुमारे साडेसहाशे छोटे निधी झाल्यावर खर्च वाढला, परतावा घटला. २०१९ च्या कायद्याने गुंतवणूक दोन राज्यस्तरीय निधींकडे एकवटली. अपंगत्वाचे आणि वारसांचे दावे ठरवण्याचे काम मात्र शहरातल्या मंडळांकडेच ठेवले. पैसा एकत्र, पण माणसाची फाईल त्याच्या गावात, ही विभागणी आपल्यालाही मानवेल.

कोल्हापूरला हे शिकायला इतके लांब जायचीही गरज नाही. या जिल्ह्यात सरकारी नोकरांची सहकारी बँक आहे, कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था आहेत आणि त्यांचे संचालक सभासद मतदान करून निवडतात. सहकार कायद्यात २०१३ पासून निवडून आलेल्या संचालकांबरोबर तज्ज्ञ संचालक घेण्याचीही सोय आहे. स्वतःच्या बचतीचा कारभारी निवडण्याची अक्कल ज्या हवालदाराला आहे असे आपण मानतो, त्याला पेन्शनच्या बाबतीत अडाणी ठरवणे कशात बसते?

तेव्हा कोल्हापुरात असे पेन्शन मंडळ झाले तर त्यावर कोण असावे? सेवेतल्या पोलीस शिपाई-हवालदारांनी गुप्त मतदानाने निवडलेला एक, अग्निशमन जवानांनी निवडलेला एक, आणि निवृत्तांचा किंवा कुटुंब निवृत्तीवेतन घेणाऱ्या विधवांचा एक. ही शेवटची जागा मला सर्वांत मोलाची वाटते. कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या माणसाच्या घरी कागद किती काळ फिरतात, हे तिथूनच कळेल. नव्या योजनेतल्या मृतांच्या वारसांना कुटुंब निवृत्तीवेतनाचा पर्याय मिळायला राज्यात ३१ मार्च २०२३ चा शासन निर्णय यावा लागला. यांच्यासोबत कोषागाराचा, पोलीस अधीक्षकांचा आणि महापालिकेचा प्रत्येकी एक प्रतिनिधी, आणि एक बाहेरचा लेखापाल. कोण नसावे, हेही लिहून ठेवायला हवे. ज्याच्या सहीने पेन्शनचे प्रकरण मंजूर होते तो अधिकारी नको, निधी हाताळणाऱ्या कंपनीशी संबंध असलेला कोणी नको, आणि पदावरचा नगरसेवक वा आमदारही नको, कारण निवडणुकीच्या वर्षात रस्त्यासाठी पैसा वळवण्याचा मोह त्यालाच अधिक. ज्याच्याशी वरिष्ठांना हिशेब चुकता करायचा असेल अशा प्रतिनिधीची मुदत संपेपर्यंत बदली करता येणार नाही, अशी तरतूद नसेल तर मात्र पोलिसाची खुर्ची कागदावरच राहील.

पोलिसांच्या जागेसाठी राज्याला कायदा करावा लागेल आणि गृहखात्याने त्याला विरोध करू नये. अग्निशमन दलासाठी तेवढे थांबायची गरज नाही. महापालिकेला ठराव करून जवान आणि निवृत्त यांचे निवडलेले प्रतिनिधी असलेली देखरेख समिती आजही स्थापन करता येईल, आणि कपातीचा व देण्यांचा हिशेब दर तिमाहीला तिच्यापुढे ठेवता येईल. कोल्हापूर महापालिकेने तो ठराव करावा.