कानाला लागलेली सवय

गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या निकाहसाठी आम्ही सहा जण पुण्याहून बार्शीला निघालो. गाडी एक, गाण्याचं बटण एक आणि आवडी सहा. मामूंना रफीशिवाय काही चालत नाही. खालाला नात हवी होती. अकरावीतल्या भाच्याने मोबाइल जोडून रॅप लावलं, तर मामू म्हणाले, "ये गाना है या झगडा?" ड्रायव्हरदादांना आनंद शिंदे ऐकायचे होते, पण ते त्यांनी उतरताना सांगितलं. आधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

भिगवणच्या पुढे माझी पाळी आली. मी भीमसेन जोशींचा अभंग लावला. गाडीत थोडा वेळ शांतता पसरली. मग मामूंनी हसत विचारलं, "तू मुसलमान होके अभंग सुनता?"

हाच प्रश्न मला ऑफिसात उलट्या बाजूने येतो. तिथे सहकारी मोठ्या प्रेमाने म्हणतात, "गझल-कव्वाली तर तुमच्या रक्तातच असणार!" खरं सांगायचं तर कव्वालीतल्या फारसी ओळी मला अजून कळत नाहीत. मामू आणि सहकारी, दोघांचाही हेतू वाईट नाही. पण दोघांचा समज एकच आहे: माणसाची आवड त्याच्या जन्माबरोबर ठरते. मला तो पटत नाही.

आवड रक्तातून येत नाही, ती कानाला लागलेल्या सवयीतून येते. 2016 साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोलिव्हियाच्या जंगलपट्टीत त्सिमाने नावाचा समाज राहतो. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा फारसा संबंध आलेला नाही. पाश्चात्त्य कानांना गोड वाटणारे आणि खटकणारे असे दोन्ही प्रकारचे स्वरमेळ त्यांना ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच आवडले. म्हणजे कुठला स्वरमेळ गोड आणि कुठला कर्कश, हेसुद्धा बऱ्याच अंशी आजूबाजूचं जग शिकवतं. त्याआधी 1968 साली रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते.

माझंच पाहा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विठ्ठलमंदिर होतं. पहाटे फजरची अजान व्हायची आणि थोड्या वेळाने तिथून काकडआरतीचे सूर यायचे. अर्धवट झोपेत मी दोन्ही ऐकत वाढलो. अभंग मी निवडला नाही, तो माझ्या कानात आधीच होता. मामूंचं तारुण्य रफीच्या काळातलं. पंधरा ते पंचविशीत ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर आपली वाटतात, कारण त्यांच्यासोबत पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिला पराभव असं सगळं चिकटलेलं असतं. भाचा आज तेच करतो आहे. तीस वर्षांनी तोही कुणाला तरी विचारेल, "हे गाणं आहे की भांडण?"

आणि अभंग 'त्यांचा', ख्याल 'आपला' अशी वाटणी करायची म्हटली, तरी ती करता येत नाही. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेत रमले. 1937 साली त्यांचं निधन झालं आणि मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांना दफन केलं. लहानग्या भीमसेनला गाण्याचं वेड लागलं ते खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून. खाँसाहेबांनी स्वतः मराठी नाट्यपदंही गायली. गाडीत मी लावलेल्या अभंगाचा गळा असा मिरजेवरून आलेला होता. मामूंना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "फिर तो चलने दे."

आपल्यापैकी अनेकांच्या घरात प्रश्न आवडीच्याही आधी येतो: गाणं ऐकावं की नाही? उलेमांमध्ये याबद्दल मतभेद आहेत आणि जे ऐकत नाहीत त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण इमाम गझालींचं 'एहया उल उलूम' विसरू नये. बाराव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेल्या या आलिमाने त्यात समावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. आशय असा, की गाणं मनात नसलेलं काही आणून टाकत नाही, जे आहे ते हलवतं. मला यात आवडीचंही उत्तर दिसतं. एकाच सुराने एकाचे डोळे भरतात आणि दुसरा जांभई देतो. फरक ऐकणाऱ्याच्या मनात साठलेल्या गोष्टींत असतो.

आवड वरून लादता येते, असं मानणारेही होऊन गेले. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. लोकांची अभिरुची सुधारावी, म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं आणि अमीन सायानींच्या 'बिनाका गीतमाला'ला घराघरांत नेलं. अखेर 1957 साली आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांना शास्त्रीय संगीत प्रिय होतं, यात चूक नव्हती. आपल्याला जे भावतं तेच उंच आणि इतरांचं ते उथळ, ही चूक होती.

हीच चूक मीही केली आहे. म्हणून हे लिहितो आहे.

माझी दादी जात्यावर ओव्या गायची. दखनीत, मधेच मराठी मिसळून. त्यात बीबी फातिमा असायची, माहेर असायचं, पाऊस असायचा. विजापूरच्या सूफींनी बायकांसाठी चक्कीनामे आणि चरखानामे रचले होते. दळता-कातताना बायकांना दीन कळावा, म्हणून. दादीच्या ओव्या त्याच वाटेवरच्या होत्या, हे मला चाळिशीत वाचून समजलं. तेव्हा मात्र मला तिचं गाणं गावंढळ वाटायचं. ना धड उर्दू, ना धड मराठी. मित्र घरी आले, की मी तिला खुणेने गप्प करायचो. पुढे गावात गिरणी आली. मग घरातल्या एका थोरल्याने, हे शोभत नाही, असं सुनावलं. जातं अंगणात पडलं आणि दादी गायची थांबली.

गिरणीला आणि थोरल्यांना दोष देणं सोपं आहे. पण माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. विविध भारतीवरची गाणी मी त्यावर तासन्‌तास उतरवून घ्यायचो. अठरा कॅसेटी भरल्या. त्यातली एकही बाजू मी दादीसाठी ठेवली नाही. त्या अठरा कॅसेटींतलं प्रत्येक गाणं आज मोबाइलवर मिळतं. दादीची एकही ओवी कुठेच मिळत नाही.

आवडीचा प्रश्न म्हणूनच नुसता करमणुकीचा नाही. काय जपायचं आणि काय फेकायचं, हे आपण आवडीवरूनच ठरवतो. ज्या गाण्याला आपण हसतो, ते हळूहळू गप्प होतं. सगळ्यांना सगळं आवडावं, असा माझा आग्रह नाही. मला रॅप अजूनही कळत नाही, आणि रात्री अकराला खिडक्या हादरवणाऱ्या डीजेला मी आवडीचा हक्क मानत नाही. पण एखादं गाणं आपल्याला आवडत नाही म्हणून ते गाणंच नाही, आणि एखाद्याला अमुक आवडतं म्हणून तो आपला नाही, हे दोन निष्कर्ष टाळता आले तरी पुष्कळ झालं.

परतीच्या प्रवासात पहिलं गाणं ड्रायव्हरदादांच्या आवडीचं लागलं. टेंभुर्णी येईपर्यंत मामू सीटवर ठेका धरून होते. तुमच्या घरात अजून कुणी म्हातारी काही गुणगुणत असेल, तर आजच मोबाइल काढा आणि रेकॉर्ड करा. आवडलं नाही तरी.