हाड कष्टकऱ्याचे, भाव बाजाराचा

कष्टकऱ्याजवळ भांडवल म्हणून एकच वस्तू असते. ती म्हणजे त्याचे अंग. कारखानदाराचे यंत्र मोडले तर त्याचा विमा असतो, घसाऱ्याची तरतूद असते, दुरुस्तीचा खर्च मालाच्या किमतीवर चढविता येतो. मजुराची मांडी मोडली तर यांपैकी काहीच नसते. ज्या दिवशी हाड मोडले त्या दिवसापासून रोज बुडाला. आणि तो किती दिवस बुडणार हे एकाच प्रश्नावर ठरते. त्याचे हाड कोण, कशाने आणि किती दिवसांत जोडणार? हाडे आणि कणा यांच्या दुरुस्तीसाठी गेल्या काही दशकांत जी नवी द्रव्ये आणि नव्या शस्त्रक्रिया निघाल्या, त्यांचा विचार येथे करावयाचा तो या प्रश्नापोटी. हा विषय डॉक्टरांचा आहे असे म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने तो सोडून देता कामा नये.

मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी हे स्थानक लागते. शहापूर तालुक्याचा हा कोपरा आणि शेजारचा मुरबाड तालुका हा ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्यापाड्यांचा मुलूख. राबासाठी झाडावर चढून फांद्या तोडणे, पावसात भाताची लावणी, पुढे वीटभट्टी, खडी, बांधकाम असे येथले वर्षाचे चक्र. यांतील जवळजवळ प्रत्येक कामात पडण्याचा वा चेंगरण्याचा धोका आहे. तालुक्याच्या पोटातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, लोहमार्ग जातो, आणि आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जातो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वीच्या अंधारात याच महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे, गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. मृतांचा आकडा वृत्तपत्रांत येतो. हातपाय मोडून गावी परतणाऱ्या मजुरांची गणती सहसा कोणी करीत नाही. १८९२ साली पुऱ्या झालेल्या तानसा धरणापासून भातसापर्यंत मुंबईची तहान हा तालुका भागवीत आला आहे. त्याच्या मोडलेल्या हाडाची परतफेड मुंबईने, म्हणजे मुंबईत एकवटलेल्या संपत्तीने, कशी केली हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. मांडीचे हाड मोडले की पायाला वजन बांधून रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवर खिळवून ठेवावयाचे, ही पूर्वीची रीत. १९३९ साली जर्मनीत गेरहार्ड क्युन्चर यांनी हाडाच्या पोकळीत पोलादी सळई घालून ते आतून धरण्याचा मार्ग काढला. युद्धकैदी म्हणून जर्मन रुग्णालयांत उपचार झालेले दोस्तांचे वैमानिक ही सळई मांडीत घेऊन परतले, तेव्हा तेथील डॉक्टर चकित झाले. पुढे या सळईला दोन्ही टोकांस आडवे स्क्रू लागले आणि रुग्ण थोड्या दिवसांत कुबड्यांवर उभा राहू लागला. ज्याचे पोट रोजावर आहे त्याच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ काय? खाटेवरचे दोन-तीन महिने म्हणजे सावकाराचे कर्ज, विकलेली शेळी, शाळेतून काढून भट्टीवर नेलेली मुलगी. म्हणून आमचे म्हणणे असे की, हाडाची आधुनिक शस्त्रक्रिया ही श्रीमंतांची चैन नसून तिची खरी निकड अंगमेहनत करणाऱ्यालाच आहे. पगारी माणूस तीन महिने रजेवर राहू शकतो. भट्टीवरचा मजूर राहू शकत नाही.

आणि या शास्त्रातील मोठे शोध गरजेतून, पुष्कळदा गरिबीतून लागलेले आहेत. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास लोखंडी कड्या आणि ताणलेल्या तारा यांची चौकट बनविली. दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने हाड हळूहळू लांबविता येते हे त्यांनी दाखविले. पश्चिमेला ते १९८० नंतर उमगले. आपल्या मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि हलक्या सळयांची स्वस्त बाह्य चौकट तयार केली. मोडलेली बोटे आणि लहान मुलांची जन्मजात वाकडी पावले यांसाठी ती देशभर वापरली गेली. व्हिएतनाम युद्धात लष्करी शल्यविशारद म्हणून काम केलेले अमेरिकेतील लुईस झर्कल यांनी १९९९ साली एक संस्था काढली. क्ष-किरणांचे चालते चित्र दाखविणाऱ्या महाग यंत्रावाचूनही बसविता येईल अशी सळई ही संस्था गरीब देशांतील रुग्णालयांना विनामूल्य देते. अट एवढीच की प्रत्येक शस्त्रक्रियेचा वृत्तान्त कळवावा. उत्तम तंत्र महागच असले पाहिजे हा समज बाजाराने रुजविला आहे.

आता द्रव्यांविषयी. पोलाद हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ असते. सगळा भार तेच उचलते, आणि काम नसलेले हाड शेजारी दुबळे होत जाते. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा. ते गंजत नाही आणि हाड त्याच्याशी एकजीव होते. नैसर्गिक हाडाचा मोठा भाग ज्या कॅल्शियम-फॉस्फेटचा असतो तेच कृत्रिम रीतीने बनवून पोकळी भरण्यासाठी वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. दान मिळालेले हाड तेथे प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून, दुसऱ्या रुग्णाच्या उपयोगी आणले जाते. टायटॅनियम ज्यातून निघते ते इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत आहे आणि केरळच्याही. केरळ राज्याच्या मालकीचा चवरा येथील कारखाना टायटॅनियम स्पंज बनवितो, तर हैदराबादची मिश्र धातु निगम ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी त्याचे मिश्रधातू आणि हाडांची इम्प्लांट्सही बनविते. खनिज, धातुशास्त्र, कारागिरी, शल्यकौशल्य हे सर्व आपल्यापाशी आहे. उणीव आहे ती या साखळीचे शेवटचे टोक शहापूर-मुरबाडच्या खाटेपर्यंत पोचविण्याच्या राजकीय इच्छेची.

परंतु नवे ते सर्व चांगले, असे समजणे भोळेपणाचे होईल. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची क्रिया १९८४ पासून प्रचारात आली आणि जगभर लोकप्रिय झाली. २००९ साली दोन काटेकोर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सिमेंट भरलेले रुग्ण आणि केवळ तसा देखावा केलेले रुग्ण यांच्या दुखण्यात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. धातूवर धातू फिरणारा एएसआर हा कृत्रिम खुबा जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. ऑस्ट्रेलियात तो २००९ सालीच मागे घ्यावा लागला होता, कारण तेथे बसविलेल्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवही होती आणि तिने दोष वेळीच दाखविला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पोलिसांत तक्रार नोंदविली. केंद्राची समिती मात्र २०१७ साली नेमली गेली आणि किमान २० लाख रुपये भरपाईची तिची शिफारस २०१८ मध्ये जाहीर झाली. ज्यांच्या शरीरात हा धातू होता त्यांनी एवढी वर्षे कशी काढली असतील?

कण्याच्या बाबतीत तर आणखी विवेक हवा. झाडावरून पडून मोडलेल्या कण्याला पेचस्क्रू आणि सळया यांनी स्थिर करणे हे आधुनिक शल्यशास्त्राचे खरे देणे आहे. वेळीच झाले तर माणूस बसता होतो, अंगावर खाटेचे व्रण पडत नाहीत. उलट, कुपोषित वस्त्यांत कणा पोखरणाऱ्या क्षयाचे उत्तर बहुतेकदा औषधांतच असते. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मध्यम मार्गा’ने हेच सांगितले: प्रथम औषधे, आणि शस्त्रक्रिया निवडक रुग्णांनाच. मणक्यात टायटॅनियम घालणारे रुग्णालय शहरात असून उपयोग नाही, जर पाड्यावरच्या पाठदुखीचे निदान महिनोन्महिने होत नसेल.

मग कोणाला काय हवे हे कोण ठरविते? अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात दाखविले की उपचाराचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही. येथे गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही. विकणाराच त्याची गरज ठरवितो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोणी घासाघीस करीत नाही. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांचे भाव बांधले. कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या गुडघ्याची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपये होती त्याची कमाल किंमत कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया त्यामुळे बंद पडल्या नाहीत. म्हणजे वरचे लाखभर रुपये ना धातूचे होते ना शास्त्राचे. ते रुग्णाच्या अज्ञानावर आकारलेले भाडे होते. शहरी मध्यमवर्गाच्या झिजलेल्या गुडघ्याला हे संरक्षण मिळाले याचा आनंदच आहे. पण मजुराच्या मोडलेल्या मांडीची सळई आणि कण्याचे स्क्रू यांनाही तशीच कमाल किंमत का नसावी? वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक भाव वाढवू नये, एवढ्या सर्वसाधारण बंधनाने मुळातच फुगविलेला भाव खाली येत नाही.

सरकार विमा योजनेकडे बोट दाखवील. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेली जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने सर्व कुटुंबांना खुली झाली, आणि संरक्षणाची मर्यादा पाच लाखांवर गेली. हे पाऊल पुढचेच आहे. पण कार्ड म्हणजे शस्त्रक्रियागृह नव्हे. भूलतज्ज्ञ आणि अस्थितज्ज्ञ जेथे आहेत तेथपर्यंत मोडक्या मांडीने पोचावयाचे, सोबतच्या माणसाचा रोज बुडवावयाचा, हा खर्च कोणत्याच कार्डावर नाही. तसेच केवळ भाव बांधूनही भागत नाही; इम्प्लांटवर गेलेला नफा खोलीच्या भाड्यात चढविण्याची वाट खाजगी रुग्णालयाला मोकळीच असते. शेवटी इलाज एकच, सार्वजनिक रुग्णालय सबळ करणे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शहापूर आणि मुरबाड येथील शासकीय रुग्णालयांत अस्थितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, सी-आर्म यंत्र आणि सळया-प्लेटांचा कायमचा साठा चोवीस तास हवा. इम्प्लांट्सची खरेदी राज्याने एकत्रित करावी आणि तीत सार्वजनिक कारखान्यांना प्राधान्य द्यावे. अपघाताच्या आणि कण्याच्या इम्प्लांट्सना कमाल किंमत ठरवावी. प्रत्येक इम्प्लांटची नोंद ठेवणारी सक्तीची राष्ट्रीय नोंदवही असावी. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामोपचाराची सोय तालुक्यातच व्हावी; त्यावाचून जोडलेले हाडही ताठ, निकामी राहते.

मागण्या मंजूर होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. कणा दुखावल्याचा संशय असलेल्या माणसाला झोळीत कधीही घालू नये. झोळीत कणा वाकतो आणि उरलेली मज्जारज्जूही चेपते. दाराची फळी काढावी, चार-पाच जणांनी मिळून त्याला ओंडक्यासारखे एकसंध उचलून फळीवर निजवावे आणि मान हलू देऊ नये. हाडवैद्याची उपेक्षा करू नये, पण कामट्यांच्या घट्ट बांधणीने बोटे काळी वा बधिर पडत असतील तर ती तत्काळ सोडवून रुग्णालय गाठावे, हे त्यालाही समजावून सांगावे. इम्प्लांटच्या वेष्टनावरील चिठ्ठी रुग्णाच्या कागदांत लावून घ्यावी. उद्या दोष निघाला तर तोच पुरावा. आणि कामावरच्या इजेत हजेरीची नोंद, मुकादमाचे नाव, साक्षीदार त्याच दिवशी टिपून ठेवावेत. १९२३ च्या भरपाई कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने प्रत्यक्ष उपचारखर्च मालकाने द्यावा अशी तरतूद आली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती स्वीकारली. हा हक्क कागदावर आहे. तो वसूल करणे हे संघटनेचे काम आहे.

रस्ते, धरणे, बोगदे, इमारती या देशात ज्यांच्या हाडांच्या बळावर उभ्या राहिल्या, त्यांची हाडे जोडण्याचे ज्ञान आज मानवजातीच्या हाती आहे. ते ज्ञान अनेक देशांतील अनेक पिढ्यांनी मिळविले. त्यावर कोणा एका कंपनीची मालकी असू शकत नाही. पुढील ग्रामसभांत आणि तालुक्याच्या मोर्चात पाणी, रेशन आणि रोजगार यांच्या जोडीला हा प्रश्नही आला पाहिजे. तोवर प्रत्येक शाखेने आपल्या भागातील शासकीय रुग्णालयात जाऊन अस्थितज्ज्ञ आहे काय, भूलतज्ज्ञ आहे काय, यंत्र चालते काय, साठा आहे काय, या चार गोष्टींची पाहणी करावी आणि ती लेखी जाहीर करावी. लढ्याची सुरुवात तेथून होईल.