पुस्तकात अंडं आहे, ताटात कुठे आहे? शाळेतलं पोषणाचं शिक्षण अडतंय ते इथे

धाटाव : शाळेत मुलांना पोषण शिकवतात का, असं कोणी विचारलं तर उत्तर 'हो' असंच आहे. परिसर अभ्यासात अन्नघटक आहेत, सहावीच्या सामान्य विज्ञानात पोषण आणि आहार आहे, सप्टेंबरात पोषण माह साजरा होतो. प्रथिनं, कर्बोदकं, जीवनसत्त्वं मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण मधल्या सुट्टीत ताटात काय पडतं आणि शाळेबाहेरच्या टपरीवर काय मिळतं, त्यातून मूल जास्त शिकतं. आणि घोळ तिथेच आहे.

ताटाचा हिशेब

शाळेत शिजणाऱ्या जेवणाला आता पीएम पोषण म्हणतात, आपल्याकडे सगळे अजून 'खिचडी'च म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी, असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. प्रथिनं २० ग्रॅम.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या त्या १२ ग्रॅमच्या निम्मी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद झाले. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं गेलं. नाचणी सत्त्वाला लागणाऱ्या साखरेचंही तसंच.

आता गुरुजींनी वर्गात काय सांगायचं? 'अंडं खावं' हे पुस्तकात आहे. ज्याच्या घरी परवडतं तो खाईल. वाडीवरच्या ज्या मुलाचं दिवसातलं भरपेट जेवण शाळेतच होतं, त्याने ते फळ्यावर बघायचं काय?

एकाच वर्गात दोन टोकं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आढळली. त्याच वयात जादा वजनाची मुलं ४.१ टक्के होती, त्याआधीच्या सर्वेक्षणात १.९ टक्के. म्हणजे कुपोषण गेलं नाही आणि लठ्ठपणा आला. जगाचा विचार केला तर युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की ५ ते १९ वयात लठ्ठ मुलांचं प्रमाण आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालंय.

आपल्या धाटावातही बघा. एका बाजूला एमआयडीसी, नोकरदारांची घरं, हातात सुटे पैसे असलेली पोरं. दुसऱ्या बाजूला आदिवासी वाड्या. दोन्हीकडची मुलं शाळेत एका बाकावर बसतात आणि दोघांच्याही हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पुडकं असतं. एकाचं त्याने पोट सुटतं, दुसऱ्याची भूक मरते. वस्तू एकच, नुकसान दोघांचं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमानुसार जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आपल्या गावातल्या शाळेपासून टपरी किती पावलांवर आहे, ते ज्याने त्याने मोजावं.

वजन सांगायचं कसं

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. पुतणीच्या शाळेत वजन-उंची घेतली आणि आकडे वर्गात मोठ्याने वाचले. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तिने डबा उघडायचाच बंद केला. घरी विचारलं तर म्हणे, 'काका, मला जाडी म्हणतात.' सुकडी म्हणून चिडवलेल्या मुलालाही तेवढंच लागतं.

वाढत्या मुलाचं वजन मोठ्या माणसाच्या मापाने मोजायचं नसतं. वय, मुलगा की मुलगी, आणि उंची बघूनच ते ठरतं. त्यामुळे एका आकड्यावरून कोणी शिक्का मारू नये. आकडा फक्त पालकांना, बाजूला घेऊन सांगावा. गरज वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. वर्गात बोलायचं ते खाण्याबद्दल आणि खेळण्याबद्दल; कोणाच्या अंगाबद्दल नाही.

आपल्या हातात काय आहे

पैसा सरकारने द्यावा ही मागणी सोडायची नाही. पण तोवर पोरं वाढायची थांबत नाहीत. अंडं सात रुपयांचं धरलं तर ५० मुलांच्या शाळेला आठवड्याला ३५० रुपये लागतात. वाढदिवसाचा एक केक कमी केला तरी एक आठवडा निघतो.

दुसरं, आपल्या शेतातलं. भात कापल्यावर ओलीवर आपण वाल टाकतो. वालात प्रथिनं डाळीच्या तोडीची. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात १० च्या आसपास. शाळेच्या परसबागेत दोन शेवग्याची झाडं लावली तर भाजी आणि धडा, दोन्ही तिथेच. पोपटी आवडीने खाणाऱ्या आपल्या पोरांना वाल गरिबाचं खाणं वाटायला लागलं असेल, तर चूक पुस्तकाची नाही, आपली आहे.

तिसरं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आपणच. पुढच्या बैठकीला सहीपुरतं जाऊ नका. तीन प्रश्न विचारा : आठवड्याच्या अंड्याचं काय करायचं? टपरीवाल्याशी कोण बोलणार? आणि मुलांचं वजन यापुढे कसं सांगणार?

टपरीवालाही गावातलाच आहे. त्याला दम देण्यापेक्षा उकडलेले शेंगदाणे, चणे, केळी ठेवायला सांगा. पोरांच्या हातातले पाच रुपये त्याच्याकडेच जाणार आहेत. फक्त बदल्यात काय मिळतं, तेवढं बदलायचंय.