घरटं असेल तर दोर टाकू नका!

परवा शनिवारी सकाळी सकाळी अकोल्याहून मित्राचा फोन. कॉलेजातला रूममेट. आम्ही दोघं अमरावतीला इंजिनिअरिंगला होतो. मी पुण्याला येऊन कोड बडवायला लागलो आणि हा गडी तिकडेच राहून ट्रेक आणि रॅपलिंगची शिबिरं घ्यायला लागला.

"डिसेंबरमंधी चिखलदऱ्याले शिबिर ठेवलं बे. दोराचं तुलेच पाहा लागते, येते ना?"

मी म्हटलं, येतो, पण त्या कड्यावर घरटं आहे का ते पाहिलंस का? तिकडे दोन सेकंद शांतता. मग, "काऊन? आता पक्ष्याले विचारून दोर टाकायचा काय?"

त्यानंतर अर्धा तास आमचं जे काही झालं त्याला भांडण म्हणतात. फोन ठेवल्यावर सुचलेली सगळी उत्तरं (नेहमीप्रमाणे उशिराच सुचतात) इथे लिहून काढतोय. तो हे वाचतो, त्यामुळे भाऊ, वाईट वाटून घेऊ नको, आणि वाटलं तर वाटू दे.

आधी माझंच पाप सांगतो. २००७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. चिखलदऱ्याच्या बाजूलाच एका कड्यावर आम्ही आठ-दहा जण दोर लावून बसलो होतो. मी पहिला उतरलो. निम्म्यावर आलो तर एक शाहीन ससाणा कॅक् कॅक् कॅक् ओरडत डोक्यावरून सुसाट गेला. परत वळून आला, परत गेला. वर मंडळी खूश! कॅमेरे बाहेर निघाले. मी तर मुद्दाम तिथेच लोंबकळत थांबलो, फोटो चांगला यावा म्हणून. मग एकेक करत सगळे उतरले, वर जाऊन पुन्हा उतरले, मध्ये डबे खाल्ले. चांगले तीन तास गेले. पक्षी सगळा वेळ हवेत. परत निघताना दिसलं, आमच्या दोरापासून पाच-सहा मीटरवर एक कपार होती आणि तिच्याखाली चुना ओतावा तसे पांढरे ओघळ होते.

तेव्हा काही वाटलं नाही. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की तो 'शो' नव्हता. शाहीन आपल्याकडे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात अंडी घालतो. काड्या आणून घरटंबिरटं बांधत नाही, कपारीतल्या मातीत थोडा खळगा केला की झालं. युरोपात पक्षी अंड्यावरून उठला तर अंडी गारठतात ही काळजी. वऱ्हाडात उलटं. फेब्रुवारी संपत आला की दुपारचं ऊन काय असतं ते अकोलेकराला मी सांगायला नको. तापलेल्या काळ्या दगडावर उघडी पडलेली अंडी तीन तासांत शिजतील नाही तर काय होईल? त्या वर्षी त्या कपारीतून पिल्लं उडाली की नाही, हे बघायला आमच्यापैकी कोणीही परत गेलं नाही.

आता मित्राचे मुद्दे. पहिला मुद्दा: "कडा काय लहान हाय का? पक्षी दुसरीकडे बसन." नाही बसणार. हे डोंगर बेसॉल्टचे, लाव्ह्याचे थर एकावर एक. दोन थरांच्या मधला मऊ पट्टा झिजतो आणि तिथे आडवी कपार तयार होते. उभ्या भिंतीवर बसायला जागा तेवढीच. आपण बिले द्यायला जिथे थांबतो तीच ही कपार, आणि पक्षी अंडी घालतो तीसुद्धा हीच. एकाच संसाधनावर दोघांचा डोळा. फरक इतकाच की आपल्याला सोमवारी हिंजवडीत दुसरी खुर्ची असते.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. तो म्हणाला, "गिधाडं आम्ही मारले काय? डायक्लोफिनॅकनं मेले ना?" शंभर टक्के खरं. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर यायला २०२३ उजाडलं. मधल्या काळात व्हायचं ते होऊन गेलं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत लांब चोचीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. यात कुठल्याही गिर्यारोहकाचा हात नाही.

पण हिशोब बघा. या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू स्वतः वीण घालायच्या वयाला यायला पाचेक वर्षं. म्हणजे एका जोडीचं एक अंडं गेलं तर त्या जोडीचं अख्खं वर्ष गेलं. लाखोंनी पक्षी होते तेव्हा आपल्या एका दोराने काही बिघडत नव्हतं. आज बिघडतं. रोग्याला आपण आजारी पाडलं नाही म्हणून त्याच्या खाटेशेजारी ढोल वाजवायची परवानगी मिळते का?

आणि हे आता लांबचं, पुस्तकातलं राहिलेलं नाही. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली लांब चोचीची गिधाडं २०२५ मध्ये मेळघाटात आणली गेली. हा पक्षी मुख्यतः कड्यांच्या कपारींत घरटं करतो आणि त्याचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. गाविलगड, नरनाळा, चिखलदऱ्याचे ते सगळे पॉइंट... उद्या ही गिधाडं वाढली तर घर कुठे शोधतील? आणि आपली शिबिरं कुठे, कधी असतात? डिसेंबरची सुट्टी, २६ जानेवारीचा लाँग वीकेंड!

खरी मेख इथेच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक कडे बहुधा मार्च ते जून बंद ठेवतात, योसेमिटीत १ मार्च ते १५ जुलै. त्यांना पुढचा उन्हाळा आणि शरद ऋतू मोकळा मिळतो. आपल्याकडे पावसाळ्यात कडा शेवाळलेला, मे महिन्यात दगडाला हात लावला तर फोड येतात. चढायचे म्हणून जे चार महिने, नेमके तेच पक्ष्यांचे. त्यामुळे "तिकडचे लोक करतात, आपण का नाही" असं म्हणणं सोपं, पण आपल्याला त्याची किंमत जास्त पडते. मित्राचं पोट त्यावर आहे आणि त्याच्या शिबिरांत सामान उचलणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या कोरकू पोरांचंही.

म्हणूनच मी सरसकट बंदीच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे सरकारी बंदी कशी असते ते माहीत आहे ना? एक गंजका फलक, त्यावर 'प्रवेश निषिद्ध', खाली तारीख नाही, कारण नाही. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर लॉक घेतलं आणि सोडायला विसरले. मग पुढचा प्रत्येक जण फलकाला वळसा घालून जातो आणि खरंच घरटं असतं तेव्हाही तोच वळसा घालतो. ब्रिटनमध्ये घरटं बसलंच नाही किंवा पिल्लं लवकर उडाली तर निर्बंध वेळेआधी उठवतात. त्यामुळे उरलेल्या वेळी लोक ते पाळतात. योसेमिटीत तर १९७८ मध्ये एल कॅपिटनवरचं बहिरी ससाण्याचं घरटं गिर्यारोहकांनाच पहिल्यांदा दिसलं होतं. कड्याला नाक लावून बसणारा प्राणी आपल्याशिवाय दुसरा आहे कोण!

"आपल्याकडे कोणी ऐकणार नाही" हा मित्राचा शेवटचा मुद्दा. का नाही ऐकणार? कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौका समुद्रात जात नाहीत. ताडोबाचा कोअर पावसाळ्यात बंद असतो, त्यावर कोणी मोर्चा काढला नाही. आपल्याच कंपन्यांत वर्षाअखेरीला कोड फ्रीझ असतो, आपण निमूट पाळतो. आणि आग्या मोहोळ? कड्यावर मोहोळ दिसलं की मोठमोठे शूरवीर गुपचूप दोर गुंडाळतात, कोणी म्हणत नाही की माशांना विचारून दोर टाकायचा काय. म्हणजे जो चावतो त्याचा मान ठेवायचा आणि जो नुसता ओरडतो त्याचे फोटो काढायचे, असंच ना?

बाय द वे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा त्यात बसतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने २००७ साली मी काय करत होतो ते तुम्हीच ठरवा.

काही जण म्हणतील, तिकडे गोराघाट आणि हरिकेन पॉइंटच्या मध्ये सिडकोचा ४०७ मीटरचा स्कायवॉक, आणि नियम आमच्या एका दोराला? प्रश्न योग्य आहे. तो स्कायवॉक वन्यजीवांच्या परवानग्यांत अडकला होता तेव्हा आपल्यातला एकही जण त्यावर तोंड उघडायच्या स्थितीत नव्हता, कारण आपलेच दोर कपारींवरून लोंबत होते.

तर भाऊ, मी सुचवतोय ते इतकंच. शिबिराच्या आधी, नोव्हेंबरच्या शेवटी, दोन दिवस समोरच्या धारेवरून दुर्बिणीने भिंत बघायची. सकाळी आणि संध्याकाळी. अमरावती-अकोल्यात पक्षी बघणारी चांगली मंडळी आहेत, त्यातला एक जण बरोबर घ्यायचा. कोरकू पोरांना विचारायचं, त्यांना कपार न् कपार माहीत असते, आणि या दोन दिवसांची मजुरी त्यांना द्यायची, ती शिबिराच्या फीमध्ये धरायची. ताजे पांढरे ओघळ आणि ये-जा करणारी जोडी दिसली तर ती एक भिंत, वरच्या कडेसकट, एप्रिलअखेरपर्यंत बंद. वरची कड महत्त्वाची, कारण पक्ष्याला वरून उतरणारा माणूस सगळ्यात जास्त घाबरवतो. बाकीच्या भिंती खुल्या. मराठीत, हिंदीत आणि कोरकूत पाटी, तिच्यावर कारण आणि उघडण्याची तारीख. जोडी दिसली नाही तर खुशाल दोर टाकायचा, मी स्वतः अँकर लावून देतो. आणि फेब्रुवारीत पुन्हा एकदा बघायचं, कारण शाहीन उशिरा बसतो.

ड्रोन मात्र घरी ठेवायचा. त्यावर चर्चा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. दुर्बीण माझ्याकडे आहे, स्टँड तुझ्याकडे असेल तर घेऊन ये.